जपानमध्ये स्पाउस व्हिसा रिन्यू करताना

माझ्या झायर्यू कार्डाची, म्हणजे इथल्या रहिवासी कार्डाची, मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपत होती. हे माझं तिसरं रिन्यूअल. आधीची दोन्ही नवऱ्यानेच केली होती. फॉर्म जपानी, कोसेकी (कुटुंबाची सरकारी नोंद) त्याचं, पगार त्याचा, जामीनही तोच, त्यामुळे मी फोटो काढून दिला आणि सही केली, एवढंच. या वेळी तो नागोयाला बदलीवर होता आणि मी मुलीला घेऊन योकोहामात, म्हणून सगळं माझ्यावर आलं. ते केल्यावर माझं ठाम मत झालंय की जपानी जोडीदाराबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाने ही फाईल स्वतःच्या हातात ठेवावी. व्हिसा आपला आहे, तो कुठल्या कागदांवर उभा आहे हे आपल्याला वाचता आलंच पाहिजे.

आधी तारखेचं. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज देता येतो. मुदतीच्या आत अर्ज गेला आणि निकाल यायचा असला, तर जुनी तारीख उलटल्यावरही निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, कायदेशीर राहता येतं. तारीख उलटून गेल्यावर गेलात तर ही सवलत नाही. आणि अर्ज द्यायला जपानमध्येच असावं लागतं, भारतातल्या जपानी वकिलातीत मुदत वाढवून मिळत नाही. घरून फोन आला, आई आजारी आहे, की आपण मिळेल त्या विमानाने निघतो. अशा वेळीसुद्धा दोन मिनिटं थांबून कार्डावरची तारीख बघा. विमानतळावर फॉर्मवर ‘परत येणार’ अशी री-एंट्रीची खूण करून बाहेर पडलात, तर एक वर्ष किंवा कार्डाची मुदत, यातलं जे आधी संपेल त्याच्या आत परत यावं लागतं.

आता कागद. अर्जाचा फॉर्म, ४ बाय ३ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्ट आणि झायर्यू कार्ड हे आपलं. जोडीदाराचं कोसेकी तोहोन, घरातल्या सगळ्यांची नावं असलेलं जूमिनह्यो, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद, आणि त्याने सही केलेलं जामीनपत्र, म्हणजे मिमोतो होशोशो. कोसेकी आणि जूमिनह्यो तीन महिन्यांच्या आतले हवेत. जूमिनह्यो मागताना ‘मायनंबर नको, बाकी सगळे तपशील हवेत’ असं स्पष्ट सांगा; मायनंबर म्हणजे प्रत्येक रहिवाशाचा सरकारी ओळख क्रमांक.

कोसेकीची एक मोठी कटकट संपली आहे. माझ्या नवऱ्याचं होन्सेकी, म्हणजे कोसेकी जिथे नोंदलेलं असतं ते ठिकाण, आकिताला. पूर्वी तिथे पोस्टाने अर्ज पाठवायचा, सोबत पोस्टाची मनीऑर्डर आणि परतीचं पाकीट. १ मार्च २०२४ पासून कुठल्याही कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, कोसेकी मिळतं, आणि पती किंवा पत्नीलाही ते काढता येतं. फक्त स्वतः जावं लागतं, फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन. मी झायर्यू कार्ड दाखवलं, ४५० येन भरले आणि ते काढलं. त्या कागदावर नवऱ्याच्या नावाखाली आपल्या लग्नाची नोंद असते, आपलं नाव काताकाना लिपीत. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

खरी अडचण कराच्या दाखल्यांची. घर ज्याच्या कमाईवर चालतं त्याच्या रहिवासी कराचे दोन दाखले लागतात. काझेई शोमेइशोत वर्षाचं उत्पन्न आणि कर दिसतो, नोझेई शोमेइशोत तो भरलाय की नाही ते. हे दाखले त्या वर्षीच्या १ जानेवारीला माणूस जिथे राहत होता तिथलीच नगरपालिका देते, आज तो कुठे राहतो याचा संबंध नाही. नवऱ्याने जूमिनह्यो डिसेंबर २०२४ मध्ये नागोयाला हलवलं होतं. हे लक्षात न घेता मी जूनमध्ये त्याचं संमतीपत्र घेऊन आमच्या कुयाकुशोत रांग लावली. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे कॅलेंडरमधल्या १ जानेवारीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘रेइवा ७ चं इथे काही नाही, रेइवा ६ चं देऊ शकते.’ जपानी सनावळीत रेइवा ७ म्हणजे २०२५ आणि रेइवा ६ म्हणजे २०२४.

इथे आणखी एक गोष्ट कळली. रेइवा ७ च्या दाखल्यावर जे उत्पन्न असतं ते २०२४ चं, आणि तो जूनपासून मिळायला लागतो. म्हणजे एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याला आदल्या वर्षीचाच दाखला मिळणार, आणि तोही त्या आदल्या वर्षीच्या १ जानेवारीच्या पत्त्यावरून. शिवाय जूनमध्ये नव्या वर्षाचा कर भरायला नुकती सुरुवात झालेली असते, त्यामुळे नव्या नोझेईवर भरलेली रक्कम जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मी रेइवा ६ चे दाखले योकोहामातून काढले, रेइवा ७ चे नवऱ्याने नागोयातून काढून पोस्टाने पाठवले, आणि दोन्ही जोडले. घर बदललं असेल तर मागच्या दोन १ जानेवारींना कोण कुठे होतं ते आधी कागदावर लिहून काढा. माझा आठवडा तिथेच गेला.

आमची जूमिनह्यो वेगळी, हा पुढचा प्रश्न. स्पाउस व्हिसात एकत्र संसार हा पाया असतो, त्यामुळे दोन पत्ते दिसले की कारण विचारलं जाणारच. त्यांनी विचारायच्या आधीच आपण सांगावं. मी दोघांची जूमिनह्यो जोडली आणि जपानीत एक पानी पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात आम्ही एकमेकांना किती धरून आहोत असं बरंच होतं. मुलीच्या होइकुएनमधल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, एका आईने तो वाचून तीन ओळी खोडल्या आणि समासात लिहिलं, ‘कधीपासून? किती वेळा?’ मग तेच लिहिलं: बदलीची तारीख, मुलीचं होइकुएन आणि माझी नोकरी इथे असल्याने मी मागे राहिले, घरभाडं कोणाच्या खात्यातून जातं, तो एक आड एक शुक्रवारी येतो. सोबत कंपनीच्या बदलीपत्राची प्रत आणि शिनकानसेनच्या पावत्या. तान्शिन फुनिन, म्हणजे कुटुंब मागे ठेवून एकट्याने बदलीवर जाणं, इथे घरोघरी असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एखाद्या मैत्रिणीच्या वेगळं राहण्याचं कारण मारहाण असेल, तर तिला हे नक्की सांगा. पत्नी किंवा पती म्हणून सहा महिने संसार नसेल तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पण योग्य कारण असेल तर नाही, आणि घरातल्या हिंसेमुळे बाहेर पडणं हे योग्य कारण मानलं जातं. नुसत्या व्हिसाच्या भीतीने कोणी त्या घरात राहू नये. घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला, तर मात्र १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं.

अर्ज आपल्या पत्त्याच्या हद्दीतल्या इमिग्रेशन ऑफिसात द्यायचा, किंवा मायनंबर कार्ड असेल तर ऑनलाईन. खिडकीवर दिला की कार्डाच्या मागे ‘अर्ज विचाराधीन’ असा शिक्का मारतात आणि आपल्याच पत्त्याचं पोस्टकार्ड आपल्याकडून लिहून घेतात. ते पोस्टकार्ड घरी आलं की निकाल लागला. मग पासपोर्ट, जुनं कार्ड, पोस्टकार्ड आणि शुल्काची शूनयू इन्शी, म्हणजे महसुली तिकीट, घेऊन जायचं. १ एप्रिल २०२५ पासून खिडकीवर ६,००० येन आणि ऑनलाईन ५,५०० झाले, त्याआधी ४,००० होते. मुदत सहा महिने, एक, तीन किंवा पाच वर्षं यांपैकी मिळते. मला आधी दोनदा एकेक वर्ष मिळालं होतं, या वेळी तीन मिळाली.

नवं कार्ड मिळाल्यावर त्याच आठवड्यात कुयाकुशोत जा. मायनंबर कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही, ते जुन्या झायर्यू कार्डाच्या तारखेलाच संपतं. मुदतीच्या आत गेलात तर खिडकीवर काम होतं. तारीख गेली तर पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो आणि पुन्हा वाट बघणं.