पावसाळ्यात काउंटर-स्ट्राइक २: मॅच अर्ध्यावर सुटू नये म्हणून

काउंटर-स्ट्राइक २ या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये प्रीमिअरची (पाच विरुद्ध पाच, रँकची) मॅच जिंकायला १३ राउंड लागतात. म्हणजे पाऊण तास तरी लाईट आणि नेट दोन्ही टिकायला हवं. मध्येच बाहेर पडून वेळेत परतला नाहीत तर सोबतचे चौघे अडकतात आणि तुमच्यावर काही काळ बंदी येते. गोव्यात जून लागला की हे नशिबावर सोडू नये.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बॅटरीवर यायला तो क्षणभर घेतो. बल्ब जेमतेम मिचकतो, पण डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरांना यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू केलं की बदल जलद होतो. लॅपटॉपवाल्यांचं दुखणं वेगळं: लॅपटॉप चालू, राउटर बंद. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा, पण आधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा (भिंतीतून आलेली फायबर केबल जिथे जोडतात तो) राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींतच दम सोडतं, २.४ पोचतं, पण पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) उड्या मारतो. चवथीला घर भरलं की बघायलाच नको. सेटिंगशी खेळत बसण्यापेक्षा सरळ कॅट ६ केबल ओढा, १०० मीटरपर्यंत चालते. खिडकीतून आत आणताना बाहेरच्या बाजूला केबलला खाली झोळ ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट आत येतं.

आता गेममध्ये. कमाल मॅचमेकिंग पिंग ६०-७० वर ठेवा. मुंबई आणि चेन्नईत सर्व्हर आहेत. १५० ठेवलंत तर परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन पडाल. सेटिंगमधल्या टेलिमेट्रीत पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) स्क्रीनवर दिसेल असं करा. लॉस असेल तरच बफरिंग (डेटा थोडा थांबवून तो लॉस झाकणारं सेटिंग) एका पॅकेटवर न्या. सर्व्हर सेकंदाला ६४ टिक चालतो, म्हणजे ६४ वेळा गेम पुढे सरकवतो, त्यामुळे दर पॅकेटमागे साधारण १६ मिलिसेकंद उशीर वाढतो. लॉस नसताना ते चालू ठेवणं म्हणजे फुकटचा तोटा.

फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करून सहसा काही होत नाही, बहुधा बाहेर कुठेतरी फायबर तुटलेली असते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा (फोनचं नेट कॉम्प्युटरला द्या), वायफाय हॉटस्पॉट नको. त्या दिवशी प्रीमिअरही नको. डेथमॅच (टीमशिवाय, ज्याचा-त्याचा खेळ) खेळा, मध्येच तुटलं तरी कुणाचं अडत नाही.