फाइल बाहेरून बदलली? रीलोड करण्याआधी आपली प्रत वाचवा

एडिटरमध्ये फाइल उघडी आहे, अर्ध्या ओळी बदलून झाल्यात, अजून सेव्ह केलेलं नाही. तेवढ्यात गिट पुल (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ची, इतरांचे बदल ओढून आणणारी कमांड), कोड फॉरमॅटर, वनड्राइव्हचं सिंक किंवा एखादा एआय एजंट तीच फाइल डिस्कवर बदलतो. आता तुमचा मजकूर मेमरीत आणि त्यांचा डिस्कवर. एडिटर काहीही विचारो, आधी आपला मजकूर वेगळ्या नावाने ठेवून द्यायचा.

नोटपॅड प्लस प्लस लगेच विचारतो: फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने बदलली आहे, इथले बदल सोडून रीलोड करू का? सवयीने एंटर मारू नका. ‘येस’ म्हटलंत की तुमचं काम गेलं. ‘नो’ म्हटलंत तर ते वाचतं, पण नंतरच्या कंट्रोल-एसला बाहेरचे बदल मुकाट्याने पुसले जातात. खरा घात इथे होतो. म्हणून ‘नो’ दाबून फाइल मेन्यूतून ‘सेव्ह अ कॉपी अ‍ॅज’ करा. ‘सेव्ह अ‍ॅज’ नको, त्याने टॅबच नव्या फाइलचा होतो. मग ‘रीलोड फ्रॉम डिस्क’ करा आणि ठेवलेल्या प्रतीतून आपल्या ओळी परत आणा.

व्हीएस कोड जरा शहाणा आहे. सेव्ह न केलेलं काही नसेल तर तो नवा मजकूर गुपचूप दाखवतो. असेल तर तुमच्या मजकुराला हात लावत नाही, पण सेव्ह करताना अडतो आणि ‘कम्पेअर’ व ‘ओव्हरराइट’ असे दोन पर्याय देतो. नेहमी ‘कम्पेअर’. डावीकडे डिस्कवरची फाइल दिसते, उजवीकडे तुमची. हव्या त्या ओळी उजवीकडे आणून मगच सेव्ह करा. सेटिंग्जमध्ये ‘सेव्ह कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन’ हे ‘आस्क युजर’वरच राहू द्या, नाहीतर हा प्रश्न विचारलाच जाणार नाही. एक्सप्लोररखालची (एडिटरमधल्या फायलींच्या यादीखालची) टाइमलाइन जुन्या प्रती देते खरी (ही सोय 2022 मध्ये आली), पण त्या व्हीएस कोडमधून केलेल्या सेव्हच्या. दुसऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेलं आणि तुम्ही ओव्हरराइट केलेलं तिथे शोधू नका.

विम या एडिटरमध्ये ‘ऑटोरीड’ (बदललेली फाइल आपोआप पुन्हा वाचण्याचं सेटिंग) चालू केलं म्हणजे निर्धास्त, असं नाही. बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या मजकुरात, तुमचे बदल नसतील तेव्हाच ते रीलोड करतं, आणि तेही सतत पहारा देत नाही. ‘चेकटाइम’ कमांड दिली की तपासणी नक्की होते. लिहिताना ‘फाइल वाचल्यानंतर बदलली आहे’ असा इशारा आला तर ‘एन’ दाबा आणि बफर दुसऱ्या नावाने लिहा.

दोन्हीकडे भरपूर बदल असतील तर डोळ्यांनी जुळवत बसू नका. दोन्ही बदल शेवटच्या कमिटवरून (गिटमध्ये नोंदवलेल्या आवृत्तीवरून) सुरू झाले असतील, तर ती मूळ फाइल ‘गिट शो’ने वेगळी काढा. मग ‘गिट मर्ज-फाइल’ला आपली, मूळ, बाहेरची याच क्रमाने तीन फायली द्या. निकाल पहिल्या फाइलवरच लिहिला जातो, तेव्हा तिथे प्रत द्या. जिथे दोघांनी एकच ओळ बदलली असेल तिथे खुणा उमटतात. तेवढ्याच जागा हाताने सोडवायच्या.