पहिली महागडी एअर रायफल घेताना

इंदुरात क्लबच्या रायफलवर हात बसला की पुढचा प्रश्न ठरलेला: वॉल्थर एलजी ४००, फाइनवेर्कबाऊ ८०० की आनशुट्झ ९०१५? बाकाला घट्ट आवळून झाडली तर तिन्ही १० मीटरवर जवळपास एकाच भोकात छर्रे घालतात. नवशिक्याने नेमकेपणावरून डोकं शिणवू नये.

पाहायचं ते माप. शूटिंगचं जाकीट घालूनच दुकानात किंवा रेंजवर उभं राहा, डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान न वाकवता नजर थेट मागच्या साइटमधून (नेम धरायच्या भोकातून) गेली पाहिजे. गालपट्टी, बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) सरकवूनही जमेना, तर ती रायफल तुमची नव्हे, विकणारा काहीही सांगो. स्पर्धेत रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो, ती गाठायची सक्ती नाही, हे पालकांना सांगावं लागतं!

जुनी मिळत असेल तर तिच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीख आधी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर २०० बार दाबाला भरायचा नाही. आणि भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. उरलेल्या पैशांत छर्र्यांचे ४.४९ आणि ४.५० मिमी व्यासाचे असे दोन्ही डबे घेऊन कुठल्याने लक्ष्यावर भोकांचा घोळका घट्ट येतो ते बघा.