मामांबरोबर रतनगड ते हरिश्चंद्रगड

जाणता माणूस सोबत असला की आपण मेंढरासारखे मागे मागे चालतो. हा तीन दिवसांचा ट्रेक तसा करू नका. माझे मामा या डोंगरांत तरुणपणापासून फिरतायत, तरी निघण्याआधी नकाशा पुढ्यात ठेवून ते मला वाट तोंडपाठ म्हणायला लावतात: रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खिरेश्वर. कुमशेत आणि पाचनईहून गाडीरस्त्याने राजूरला निघता येतं. खिंडीच्या रानात ती सोय नाही. तिथे मामांचाच पाय मुरगळला तर गावातून माणसं मलाच आणायचीत.

जायचं डिसेंबर-जानेवारीत. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ देऊ नका. स्लीपिंग बॅग तळाला, शिधा आणि स्टोव्ह पाठीला चिकटून मधोमध, टॉर्च आणि विंडचीटर अगदी वर. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. भार कंबरेवर आला पाहिजे. सामान वाटून घ्या, पण पाणी, टॉर्च आणि औषधं प्रत्येकाची स्वतंत्र. माणशी तीन लिटर पाणी रतनवाडीतूनच भरून घ्या. गडांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांचं पाणी गाळून, उकळून मगच प्यायचं.

खरी परीक्षा कात्राबाईच्या वाटेवर. रतनवाडीहून वर येताना गडाची वाट आणि खिंडीची वाट वेगळी होते, तो फाटा गड चढतानाच नीट बघून ठेवा. पुढे दाट झाडी, कारवीची झुडपं आणि जागोजागी फुटणाऱ्या ढोरवाटा. ढोरवाट सुरुवातीला चांगली मळलेली दिसते आणि मग कारवीत जिरून जाते. मामांचा नियम असा, की दहा मिनिटांत खूण दिसली नाही तर ‘अजून जरा पुढे बघू’ म्हणायचं नाही, शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे यायचं. खूण म्हणजे दगडावरचा बाण, रचलेले दगड किंवा, सांगायला लाज वाटते, गुटख्याची पुडी. इथे मी पुढे चालते, मामा मागे. चुकले तरी ते लगेच बोलत नाहीत, फक्त थांबतात. तुमच्या सोबत्यालाही असंच करायला सांगा. मागून चालत वाट कधीच डोक्यात बसत नाही.

दमलात तर तसं बोला. जाणती माणसं आपल्या चालीने निघून जातात आणि आपण भिडेपोटी फरपटत राहतो. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, उतरताना तर दोघांत अंतर हवंच, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रानात जाळ करू नका. धुराने आग्यामोहोळ उठलं तर पळायलाही जागा नसते. कुमशेतला एखाद्या घरी भाकरी-पिठलं सांगा आणि पैसे न विचारता द्या. हरिश्चंद्रगडावर मुक्काम चालेल का, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्या. नसेल चालत तर पाचनईत झोपून पहाटे चढा. कोकणकडा, म्हणजे या गडाचा कोकणाकडे तुटलेला उभा कडा, दुपारच्या उन्हात बघण्यात मजा नाही.

तोलार खिंडीच्या बाजूला कातळावर रेलिंग लावलंय, पण सॅक पाठीवर असताना तोल मागे जातो, तेव्हा उतरताना तोंड कातळाकडे ठेवा. खिरेश्वरहून खुबी फाट्यावर आलात की कल्याणची एसटी मिळते. हात दाखवला म्हणजे थांबेलच असं नाही, म्हणून अंधारायच्या आत पोचा.