स्टॅक ट्रेस दूरच्या लॉग सर्व्हरवर अखंड कसा पोहोचवावा

स्वतःच्या टर्मिनलवर स्टॅक ट्रेस (बिघाडाच्या वेळी कोणते फंक्शन कोणाला बोलावत होते त्याची यादी) वाचायला अडचण येत नाही, कारण चाळीस-पन्नास ओळी एकाखाली एक उमटतात आणि त्या एकाच बिघाडाच्या आहेत हे पाहताक्षणी कळते. तोच ट्रेस सिसलॉगच्या (लॉगच्या नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याच्या प्रचलित पद्धतीच्या) मार्गाने दुसऱ्या यंत्रावर गेला की पुष्कळदा त्याची प्रत्येक ओळ स्वतंत्र नोंद बनते. त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडमध्येही (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यातही) एक्सेप्शन, म्हणजे चालू प्रोग्राममधला बिघाड, आले असेल, तर दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी, मूळ कारण सांगणारी ओळ नेमकी कोणत्या विनंतीची होती हे ठरवायला काही आधार उरत नाही. म्हणून पुढील सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे: एक एक्सेप्शन म्हणजे एकच नोंद असावी, आणि ती फार लांब झाली तर कुठे कापायची हे पाठवणाऱ्या प्रोग्रामने ठरवावे, वाटेतल्या यंत्रणेवर सोडू नये.

आधी वाट तपासावी

मांडणीला हात घालण्यापूर्वी नोंद कोणत्या मार्गाने जाते आणि त्या मार्गावर किती बाइट मावतात हे पाहून घ्यावे. जुन्या सिसलॉगचे वर्णन करणाऱ्या २००१ सालच्या आरएफसी ३१६४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा क्रमांकित दस्तऐवज) पूर्ण पॅकेटची मर्यादा १०२४ बाइट आहे. जावाच्या एखाद्या वेब ॲप्लिकेशनचा ट्रेस एवढ्या जागेत पहिल्या दहा-बारा फ्रेम्सनंतर (फ्रेम म्हणजे ट्रेसमधली एका कॉलची ओळ) तुटतो. २००९ सालच्या आरएफसी ५४२४ प्रमाणे घेणाऱ्याने किमान ४८० बाइट स्वीकारलेच पाहिजेत आणि २०४८ बाइट स्वीकारावेत अशी अपेक्षा आहे, त्याहून मोठा संदेश तो कापू शकतो किंवा टाकूनही देऊ शकतो. आरसिसलॉग या सिसलॉग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही मर्यादा मुळात ८ किलोबाइट असते, ती ‘मॅक्समेसेजसाइझ’ने वाढवता येते, मात्र ही ओळ कॉन्फिगरेशन फाइलच्या अगदी वर, इनपुट मॉड्यूल लोड होण्याच्या आधी लिहावी.

यूडीपीवरून (पोहोच न तपासणाऱ्या नेटवर्क पद्धतीने) मोठा ट्रेस पाठवणे मला योग्य वाटत नाही. इथरनेटवर साधारण १५०० बाइटच्या पुढे डेटाग्रामचे तुकडे होतात आणि त्यांतला एक तुकडा हरवला तरी पूर्ण नोंद नाहीशी होते, तीही पाठवणाऱ्याला काहीच न कळता. पोहोच तपासणारा टीसीपी वापरावा, पण तिथेही एक बारकावा आहे. टीसीपीवरच्या सिसलॉगमध्ये संदेश कुठे संपला हे सांगण्याच्या दोन पद्धती आरएफसी ६५८७ मध्ये दिल्या आहेत: एकीत संदेशाच्या आधी त्याची बाइटसंख्या लिहितात, दुसरीत न्यूलाइन आली की संदेश संपला असे मानतात. दुसरी पद्धत चालू असेल तर ट्रेसमधली प्रत्येक न्यूलाइन नवा संदेश सुरू करते. आरसिसलॉगकडून पुढे पाठवताना ‘टीसीपी_फ्रेमिंग’ला ‘ऑक्टेट-काउंटेड’ हे मूल्य द्यावे.

ओळी एकत्र आणणे

लॉगबॅक या जावाच्या लॉगिंग लायब्ररीचा सिसलॉग ॲपेंडर (नोंद बाहेर पाठवणारा भाग) मुळातच ट्रेसची प्रत्येक ओळ वेगळ्या सिसलॉग संदेशात, सुरुवातीला टॅब जोडून पाठवतो. हे थांबवण्यासाठी त्याचा ‘थ्रोएबलएक्सक्लुडेड’ हा गुणधर्म खरा करावा आणि ‘सफिक्सपॅटर्न’मध्ये संदेशानंतर ट्रेस स्वतः मागवून, तो ‘रिप्लेस’ने गुंडाळून, न्यूलाइनच्या जागी दुसरे चिन्ह बसवावे. हेच काम साध्या पॅटर्न लेआउटमध्ये करत असाल तर पॅटर्नच्या शेवटी ‘नोपेक्स’ लिहायला विसरू नये, नाहीतर लॉगबॅक आपल्या समजुतीने ट्रेस पुन्हा एकदा, न्यूलाइनसह, शेवटी जोडू शकतो. लॉगफोरजे २ या जावाच्या दुसऱ्या लॉगिंग लायब्ररीत ट्रेस मागवणाऱ्या शब्दालाच ‘सेपरेटर’ देता येतो, त्यामुळे तिथे हे काम सोपे आहे.

न्यूलाइनच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. आरसिसलॉग संदेश घेताना नियंत्रक चिन्हे आपणहून अष्टमान अंकांत लिहितो, म्हणून न्यूलाइनचे ‘#०१२’ आणि टॅबचे ‘#०११’ झालेले दिसते (हे अंक प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात). अनेक जण हे पाहून तो बदल बंद करतात. माझ्या मते तो चालू ठेवावा आणि वाचण्याच्या टप्प्यावर उलटवावा, कारण तो नोंदीला एका ओळीत बांधून ठेवतो. ट्रेसमध्ये स्वल्पविराम, कंस, डॉलर चिन्ह आणि उभी रेघ ही सगळी चिन्हे स्वाभाविकपणे येऊ शकतात, त्यामुळे आपण निवडलेले चिन्ह मजकुरात कधीच न येणारे असावे.

पायथॉनमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘फॉरमॅटर’ वर्गातली ‘फॉरमॅटएक्सेप्शन’ ही पद्धत बदलून तिथेच न्यूलाइन काढण्याचा मोह होतो, परंतु तिचा निकाल रेकॉर्डच्या ‘एक्ससी_टेक्स्ट’ या गुणधर्मात साठवला जातो आणि नंतरचा प्रत्येक हँडलर (नोंद एका ठिकाणी पोहोचवणारा भाग) तोच साठवलेला मजकूर उचलतो. परिणामी दूरच्या सर्व्हरसाठी सपाट केलेला ट्रेस स्थानिक फाइलमध्येही सपाटच उमटतो, किंवा हँडलरचा क्रम उलटा असेल तर दूरच्या सर्व्हरकडे न्यूलाइनसह जातो. याऐवजी दूरच्या हँडलरच्या फॉरमॅटरमध्ये ‘फॉरमॅट’ ही पद्धत बदलावी, मूळ वर्गाकडून पूर्ण तयार मजकूर घ्यावा आणि त्या अंतिम मजकुरातील न्यूलाइन बदलाव्यात. साठवलेल्या मजकुराला धक्का लागत नाही आणि संदेशात वापरकर्त्याकडून आलेली न्यूलाइनही याच जाळ्यात सापडते. ही दुसरी गोष्ट सुरक्षेची आहे: बाहेरून आलेला मजकूर न्यूलाइनसह तसाच लॉगमध्ये जाऊ दिला तर कोणीही खोटी नोंद घुसवू शकतो, आणि या त्रुटीला सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअर-त्रुटींच्या यादीत सीडब्ल्यूई-११७ असा स्वतंत्र क्रमांकच आहे.

कापायचे तर कुठे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जावाचा ट्रेस सर्वांत बाहेरच्या एक्सेप्शनने सुरू होतो आणि मूळ कारण सर्वांत खाली, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये असते. पायथॉनचा ट्रेसबॅक याच्या उलट आहे: ताजा कॉल शेवटी येतो आणि एक्सेप्शनचा प्रकार व संदेश अगदी शेवटच्या ओळीत असतो. वाटेतली यंत्रणा नेहमी शेपूट कापते. म्हणजे जावात मूळ कारण जाते, तर पायथॉनमध्ये एक्सेप्शनचे नावच जाते, आणि दोन्ही ठिकाणी मागे राहतात त्या फ्रेमवर्कच्या फ्रेम्स, ज्यांचा तपासाला फारसा उपयोग नसतो.

जावासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्रम उलटवणे. लॉगबॅकमध्ये नेहमीच्या शब्दाऐवजी ‘रूटएक्सेप्शन’ वापरला की मूळ कारण वर येते, मग शेपूट कापली गेली तरी हानी कमी होते. लॉगस्टॅश-लॉगबॅक-एन्कोडर या लॉगबॅकच्या जोड-लायब्ररीतील ‘शॉर्टन्डथ्रोएबलकन्व्हर्टर’ याच्याही पुढे जातो: प्रत्येक एक्सेप्शनमागे किती फ्रेम्स ठेवायच्या, एकूण लांबी किती असावी, वर्गांची नावे किती आखडावीत आणि कोणत्या फ्रेम्स गाळाव्यात हे सगळे त्यात सांगता येते. रिफ्लेक्शनच्या, प्रॉक्सीच्या आणि सर्व्हलेट फिल्टरच्या रांगेतल्या फ्रेम्स गाळल्या तर ट्रेसची लांबी बरीच उतरते. पायथॉनसाठी मात्र मधला भाग कापावा, ताज्या फ्रेम्स व शेवटची ओळ जपावी, आणि साखळीत अनेक एक्सेप्शन असतील तर प्रत्येकाची शेवटची ओळ ठेवावी. दोन्ही भाषांत कापल्याच्या जागी किती फ्रेम्स वगळल्या तो आकडा अवश्य लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला अपुरा ट्रेस पूर्ण वाटणार नाही.

लांबी मोजताना अक्षरे मोजू नयेत, बाइट मोजावेत. आपल्याकडे एक्सेप्शनच्या संदेशात मराठी मजकूर येतो तेव्हा हा फरक ठळक होतो: यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून ‘ग्राहक’ या लहानशा शब्दाला जोडाक्षर आणि काना धरून १८ बाइट लागतात. पायथॉनचे जेसन (माहिती नाव-मूल्यांच्या जोड्यांत लिहिण्याची पद्धत) मॉड्यूल मुळात अ-आस्की चिन्हे युनिकोड क्रमांकाच्या रूपात लिहिते, तेव्हा तोच शब्द ३६ बाइटचा होतो. ‘एन्शुअर_आस्की’ खोटे केल्यास ही वाढ टळते. कापताना तीन बाइटच्या मधोमध कात्री लागली तर अख्खी नोंद अवैध यूटीएफ-८ ठरू शकते, त्यामुळे चिन्हाच्या सीमेवर थांबावे.

जेसन शक्य असेल तर

सर्व्हर जेसन समजत असेल तर तोच मार्ग घ्यावा, कारण जेसनच्या मजकुरात न्यूलाइन आपोआप एस्केप होते आणि नोंद एका ओळीतच राहते. एक्सेप्शनचा प्रकार, संदेश आणि ट्रेस यांना तीन वेगळी फील्ड्स द्यावीत. इलॅस्टिकच्या सामाईक स्कीमामध्ये आणि ओपनटेलिमेट्री या निरीक्षणाच्या मानकामध्ये या तिन्हींसाठी ठरलेली नावे आहेत, तीच वापरावीत. ट्रेस कापला गेला तरी प्रकारावरून शोध घेता येतो. इलॅस्टिकसर्चमध्ये (नोंदी साठवून शोधणाऱ्या प्रणालीत) ट्रेसचे फील्ड साधे ‘कीवर्ड’ ठेवू नये, कारण त्याच्या आतल्या ल्यूसीन या शोध-लायब्ररीत एका टर्मची (शोधासाठी नोंदवलेल्या एका शब्दाची) मर्यादा ३२७६६ बाइट आहे आणि त्याहून मोठ्या ट्रेसमुळे पूर्ण डॉक्युमेंटच नाकारले जाऊ शकते.

प्रोग्राममध्ये बदल करणे शक्य नसेल तर ओळी जोडण्याचे काम फाइलबीट या लॉग फाइल वाचून पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘मल्टिलाइन’कडे द्यावे, परंतु ते फाइल जिथे लिहिली जाते त्याच यंत्रावर करावे. ओळी सर्व्हरवर मिसळून पोहोचल्यानंतर त्या पुन्हा जुळवता येत नाहीत. फाइलबीट मुळात एका नोंदीत ५०० ओळी धरतो.

पाठवण्यापूर्वी एक्सेप्शनच्या संदेशातील मोबाइल क्रमांक, टोकन आणि एसक्यूएलमधील मूल्ये झाकावीत. ही झाकणी पाठवणाऱ्या यंत्रावरच व्हावी.

शेवटी चाचणी घ्यावी. तीन पातळ्यांचे एक्सेप्शन मुद्दाम फेकावे, आतल्या संदेशात मराठी मजकूर आणि एक न्यूलाइन घालावी, ट्रेस मर्यादेपेक्षा मोठा होईल इतकी खोल रिकर्शन ठेवावी, आणि हे दोन थ्रेडमधून एकाच वेळी करावे. सर्व्हरवर बरोबर दोनच नोंदी दिसल्या पाहिजेत, दोन्हींत मूळ कारण वाचता आले पाहिजे आणि देवनागरी कुठेही तुटलेली नसावी. पुढे प्रत्यक्ष वापरात एखादा ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ ट्रेसशिवायच येताना दिसला तर मांडणीत दोष शोधण्याआधी जेव्हीएमकडे (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेकडे) पाहावे: तेच एक्सेप्शन वारंवार फेकले गेले की हॉटस्पॉट ही नेहमीची जेव्हीएम त्याचा ट्रेस भरणे बंद करते. ‘ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो’ हा पर्याय वजा चिन्हाने बंद केल्यावर तो परत येतो, आणि पर्याय न बदलताही जेव्हीएम सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही नोंदींत तो पूर्ण सापडतो.