औषधाने वजन वाढतंय का, हे कसं ओळखावं

वजन एकाच काट्यावर, आठवड्यातून दोनदा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला, ती तारीख लाल पेनाने.

खरं घोडं अडतं ते पुढे: वाढलेलं वजन पाण्याचं की चरबीचं? इथे मी सपशेल फसले होते. सासूबाईंना मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन सुरू झाली आणि महिन्याभरात काटा अडीच किलोंनी वर. मी त्यांच्या तीन पोळ्यांच्या दोन केल्या, भात बंद केला. त्यांनी अबोला धरला. काटा हलला नाही. एका सकाळी त्यांच्या पायातली जोडवी निघेनात, तेव्हा कुठे मी पाय नीट पाहिले. नडगीवर अंगठा दाबून मनात दहा मोजले, उचलला, तर खळगा तसाच. ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. पोळ्यांचा काय दोष?

म्हणून आधी अंगठा, मग ताट. खळगा पडला तर डॉक्टरांना कळवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी गाठा. खळगा नाही, पण रात्री अकराला फरसाणाचा डबा वाजतोय? मग भूक वाढली असणार; मनोविकारावरची ओलान्झापिन, नैराश्यावरची मिर्टाझापिन त्यासाठी प्रसिद्धच आहेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दोन्ही करतं, पाणीही धरतं आणि भूकही वाढवतं, वर चेहराही गोल. इन्सुलिनने लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगी लागते, त्यात साखर उतरली की काहीतरी खावंच लागतं.

‘गोळी बंद करून बघा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. बरेच आठवडे घेतलेली प्रेडनिसोलोन एकदम सोडली, तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे बीपी सांभाळणारं संप्रेरक, तयार नसतं. बीपी कोसळू शकतं. फिटवरच्या व्हॅल्प्रोएट गोळीनेही वजन वाढतं, पण ती परस्पर सोडली की फिट येऊ शकते.

डॉक्टरांपुढे कॅलेंडर ठेवा आणि सरळ विचारा, ‘हिच्याऐवजी दुसरी चालेल का?’ सासूबाईंची गोळी बदलली, काही आठवड्यांत जोडवी सैल झाली. भाताचा राग अजून आहे.