पोट्टा हॉकीत लय चांगला आहे म्हणतात, मग आता काय पाहायचं?

सध्या गावाकडं आहे, दारव्ह्याच्या बाजूला, कापसाची वेचणी चालू आहे. इथूनच लिहून राहिलो, कारण आपल्या भागातली बरीच घरं आता कॅनडात, टोरँटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडं गेली आणि त्यांचे मायबाप मला इथं बसस्टँडवर धरतात. "भाऊ, नातू बर्फावरची हॉकी खेळून राहिला, कोच म्हणते लय पुढं जाईन, वावर विकावं लागते काय?" वावर विकायचं नाही, हे सगळ्यात आधी. बाकीचं नवीन गेलेल्यांसाठी सविस्तर लिहितो. मी काही कोच नाही, पण तिथं बऱ्याच वर्षांपासून मुलांच्या टीमचा ट्रेनर म्हणून बेंचवर उभा राहतो, म्हणजे कोणाला लागलं तर पाहायचं आणि दार उघडायचं-लावायचं. त्या दारातून पोट्टं कसं खेळते ते गॅलरीतल्या बापापेक्षा जास्त दिसते.

पहिल्या वर्षाचं थोडक्यात सांगतो. आधी नुसतं स्केटिंग शिकवा. सिटीच्या रिंकवर पब्लिक स्केटिंग असते, स्केट कॅनडाचा कॅनस्केट कोर्स असतो, आणि सहा ते दहा वर्षांच्या नवीन पोरांसाठी फर्स्ट शिफ्ट नावाचा प्रोग्राम आहे, त्यात डोक्यापासून पायापर्यंतचं सामान पण मिळते. मग एरियाच्या असोसिएशनची हाउस लीग, म्हणजे निवड न करता सगळ्या पोरांना घेतात ती साधी लीग. सामान सेकंडहँड घ्या, लाजू नका, तिथं सगळेच घेतात, दरवर्षी पाय वाढतो ना बाप्पा. फक्त स्केट मापाचेच पाहिजेत, "पुढच्या वर्षी पण होतील" म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर घोटा हलते आणि पोरगं काही शिकत नाही. हेल्मेटवर सीएसएचं, म्हणजे कॅनडाच्या सुरक्षा मानकाचं स्टिकर पाहा, गळ्याचा नेक गार्ड तर कंपल्सरीच आहे.

आता मुख्य गोष्ट. पोरगं आठ-नऊ वर्षांचं आहे, मॅचमध्ये चार गोल मारते, बाकीचे बाप पाठ थोपटतात, आणि आपल्याला वाटते झालं, हा आता एनएचएलला, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल लीगला. थांबा. पहिले त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला आहे ते पाहा. तिथं वयाचा गट जानेवारी ते डिसेंबर असा धरतात, म्हणजे जानेवारीतला पोट्टा आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला पोट्टा एकाच टीमसाठी भांडतात, आणि नऊ वर्षांच्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे दोन-तीन बोटं उंची असू शकते. मोठा दिसणारा पोट्टा निवडला जातो, त्याला जास्त आइस, म्हणजे बर्फावर खेळायचा वेळ मिळते, चांगला कोच मिळतो, आणि दोन वर्षांनी तो खरंच चांगला झालेला असतो, मग सगळे म्हणतात पाहा आम्ही म्हटलं नव्हतं का. आपला दिवाळीत जन्मलेला पोट्टा मागं पडला तर तेवढ्यावरून त्याला ढ ठरवू नका, आणि संक्रांतीचा असून पुढं असला तर लगेच पेढे पण वाटू नका.

गोल मोजणं सोडा आणि पाय पाहा. आपल्याकडं शंकरपटासाठी गोऱ्हा घ्यायला गेलेला जाणता माणूस शिंगं पाहत नाही, तो गोऱ्ह्याला चालवून पाय कसा टाकते ते पाहतो, तसंच आहे हे. गुडघे वाकलेले आहेत का, की ताठ उभं राहून घसरून राहिला? डावीकडं आणि उजवीकडं, दोन्ही बाजूनं थांबता येते का? बऱ्याच पोट्ट्यांना एकाच बाजूनं थांबता येते आणि ते लपवायला शिकतात, मग दुसऱ्या बाजूला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती गेली की गोल चक्कर मारून येतात. क्रॉसओव्हर, म्हणजे वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं, दोन्ही दिशेनं पाहा. पुढं जाता जाता वळून उलटं स्केटिंग सुरू करताना स्पीड तुटते का ते पाहा. आणि पहिली तीन पावलं, कारण मोकळ्या बर्फावर तर कोणीही पळते, मॅच जिंकल्या जातात त्या उभ्या जागेवरून सुटणाऱ्या पहिल्या तीन पावलांवर. आपली पोरं उशिरा सुरू करतात, तिथली तीन-चार वर्षांपासून बर्फावर असतात, म्हणून आपलं पोरगं इथं मागं दिसणारच. स्केटिंग भरून निघते, पण त्याले तास लागतात, शॉर्टकट नाही.

पायानंतर डोकं, आणि माझ्या मते खरा फरक इथंच आहे. एक काम करा, मोबाइलवर व्हिडिओ काढा पण पकच्या मागं कॅमेरा फिरवू नका, पूर्ण शिफ्टभर फक्त आपल्या पोरावर ठेवा. शिफ्ट म्हणजे साधारण पाऊण मिनिट, मग पोरं बदलतात. घरी येऊन शांतपणे पाहा. पक त्याच्याकडं यायच्या आधी त्यानं खांद्यावरून मागं पाहिलं का? स्टिकवर पक असताना मान वर आहे का, की बर्फाकडं पाहून राहिला? जोडीदार अडकला तर पास घेता येईल अशा जागी हा स्वतःहून जातो का, की लांब उभं राहून स्टिक आपटून पास मागतो? आणि पक हातातून गेला की काय करतो, हे तर मी सगळ्यात आधी पाहतो. काही पोट्टे त्याच क्षणी वळून आपल्या गोलकडं पळतात, काही वर पाहतात, हात झटकतात, रेफरीकडं पाहतात, मग निघतात. चार गोल मारणारा हा दुसरा पोट्टा बारा वर्षांपर्यंत हिरो असतो. शिफ्ट संपली तरी "एक गोल मारूनच येतो" म्हणून बेंचवर न येणारा पण त्यातलाच, दमलेला असतो आणि समोरचे ताजे असतात, मग गोल आपल्यावर होते.

अंगावर जाऊन धडक द्यायचा खेळ, ज्याला बॉडी चेकिंग म्हणतात, तो हॉकी कॅनडानं 2013 पासून तेरा वर्षांखालच्या गटात बंद केला, आता यू-15 च्या, म्हणजे पंधरा वर्षांखालच्या स्पर्धात्मक टीममध्ये सुरू होतो. तिथं सगळं चित्र बदलते. त्याच्या आधी फक्त उंचीवर चाललेले काही जण तिथं उघडे पडतात आणि बारके पण मान वर ठेवून खेळणारे टिकतात, धडक यायच्या आधीच त्यांनी पक सोडलेला असतो. म्हणून चौदाच्या आधी "हा प्रोफेशनल होणार" असं कोणी छातीठोक सांगत असला तर एक तर त्याला कळत नाही, नाही तर त्याला काही विकायचं आहे.

पुढचा रस्ता माहिती असू द्या. ऑन्टारिओत यू-16 ट्रिपल ए वरून, ही सगळ्यात वरची लेव्हल, ओएचएल या ज्युनिअर लीगचा ड्राफ्ट होतो, म्हणजे टीमा पाळीपाळीनं पोरं निवडतात, पंधरा-सोळाच्या वयात. ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्यूबेकची लीग मिळून सीएचएल. त्यानंतर एनएचएलचा ड्राफ्ट, सात राउंड, 32 टीम, म्हणजे अख्ख्या जगातून वर्षाला 224 नावं, आणि त्यातले पण बरेच जण एनएचएलची एक मॅच खेळत नाहीत. आणखी एक, जुने लोक सांगतील की सीएचएल खेळला की अमेरिकन कॉलेजचं दार बंद, ते आता राहिलं नाही. अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएनं नोव्हेंबर 2024 मध्ये नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएलचे खेळाडू डिव्हिजन वन कॉलेजकडून खेळू शकतात. आपल्या मायबापांसाठी ही लय मोठी गोष्ट आहे, कारण डिग्री आणि हॉकी यातलं एक सोळाव्या वर्षी निवडायची गरज राहिली नाही. मार्कशीट सांभाळा फक्त.

आपल्यासारखी दिसणारी माणसं तिथवर गेली का? गेली. रॉबिन बावा 1989-90 च्या सीझनमध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून खेळला, भारतीय वंशाचा पहिला. मॅनी मल्होत्रा मिसिसागाचाच, 1998 च्या ड्राफ्टमध्ये सातवा, 991 मॅच खेळला, आणि तो गोलांसाठी नाही, फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांत टाकलेला पक जिंकणं) आणि बचावासाठी ओळखला जायचा. आणि व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बैन्स, त्याले तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही, तरी 2021-22 मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये सगळ्यात जास्त, 112 पॉइंट्स (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) त्याचे होते, मग व्हँकुव्हरनं घेतला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो एनएचएल खेळला. उशिरा उमलणारं पीक आपल्याला नवीन नाही, खापरखेड्याकडचा क्रिकेटर उमेश यादव विशीच्या जवळपास येईपर्यंत टेनिस बॉलनंच खेळत होता. तारखेचा खेळ पाहायचा तर एनएचएलचा स्टार ऑस्टन मॅथ्यूज पाहा. एनएचएलच्या ड्राफ्टला 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात, याचा जन्म 17 सप्टेंबर 1997, दोन दिवसांनी 2015 चा ड्राफ्ट हुकला, वर्षभर स्वित्झर्लंडला मोठ्या माणसांत खेळला आणि 2016 ला पहिल्या नंबरवर गेला. पण ही नावं सांगून मी आस लावत नाही, अशी नावं बोटावर मोजण्याइतकीच आहेत.

आता पैशाचं. रेप हॉकी, म्हणजे निवडलेल्या पोरांच्या टीमची हॉकी, त्यातही ट्रिपल ए, म्हणजे वर्षाला हजारो डॉलर, वरून टूर्नामेंटची हॉटेलं, पेट्रोल, स्किल कोचचे तास, उन्हाळ्याचे कॅम्प. अकरा वर्षांच्या पोराला "ॲडव्हायजर", म्हणजे एजंटसारखा माणूस पाहिजे म्हणून फोन आला तर नम्रपणे ठेवून द्या. बारा वर्षांच्या पोरांच्या रँकिंगवर तर माझा काडीचा विश्वास नाही. माझा हिशोब साधा आहे, हॉकीचा खर्च तिथल्या महिन्याच्या पगारातून निघाला पाहिजे, घराचा हप्ता आणि किराणा झाल्यावर. निघत नसेल तर एक लेव्हल खाली खेळवा, डबल ए, सिंगल ए, काही बिघडत नाही. जम्पस्टार्ट, किडस्पोर्ट या मदत करणाऱ्या संस्थांकडून फीची मदत मिळते, फॉर्म भरा, लोक लाजून भरत नाहीत. पण इकडून बाबांकडून सोयाबीन-कापसाचे पैसे मागवू नका. यंदा भाव काय मिळून राहिला ते मी डोळ्यांनी पाहून राहिलो. म्हातारा "देतो" म्हणेल, नातवासाठी म्हणेलच, म्हणूनच मागायचं नाही.

कोचसोबत बोलताना "माझा पोरगा पुढं जाईल का" विचारू नका, तो गोडच बोलेल, त्याला पुढच्या सीझनला पोरं पाहिजेत. असं विचारा की या वर्षी त्याची कोणती एक गोष्ट सुधारली आणि कोणती नाही. नीट उत्तर देणारा कोच सापडला तर लेव्हल न पाहता त्याच्याकडंच ठेवा. आणि पोराला पण पाहा, सकाळी सहाच्या आइससाठी तुम्ही नाइट शिफ्ट करून आलेले असता, तेव्हा बॅग कोण भरते, तो की त्याची माय? घरी गॅरेजमध्ये कोणी न सांगता स्टिक घेऊन बसतो का?

ट्रायआउट, म्हणजे टीमची निवड चाचणी, बहुतेक एप्रिल-मेमध्ये असतात. तिथं कट होणं रोजचं आहे, मोठमोठ्यांची पोरं कट होतात, गाडीत बसल्यावर लगेच भाषण देऊ नका, आधी खाऊ घाला. आणि ट्रायआउटला जायच्या आधीच हाउस लीगची रजिस्ट्रेशनची तारीख पाहून ठेवा, जागा लवकर भरतात, नाही तर पोरगं हिवाळाभर घरी बसेल.